‘सोडून येणे’ : एका सोज्ज्वळ क्रियापदाची झाडाझडती

मराठीत काही क्रियापदे अशी आहेत, की त्यांच्या आडोशाला उभे राहून माणसाला हवे ते करता येते आणि वर आपण काहीच केले नाही असेही म्हणता येते. ‘सोडून येणे’ हे त्यांतले एक. मुलाला शाळेत सोडून येतात, पाहुण्याला एस.टी. स्टँडवर सोडून येतात आणि मांजराला पोत्यात घालून नदीपलीकडे सोडून येतात. तिन्ही वाक्यांची रचना एकच. कर्ता तोच, क्रियापद तेच. पहिल्या दोन वाक्यांत मात्र ज्याला सोडले त्याला पुढे कुठे जायचे हे ठाऊक असते आणि तिथे कोणीतरी त्याची वाट पाहत असते. तिसऱ्या वाक्यात पुढे कुठे जायचे हे फक्त सोडणाऱ्यालाच ठाऊक असते. त्याला घरी जायचे असते.

आम्ही मराठी शिकवणारी माणसे आहोत. मांजरांविषयी लिहिण्याचा आमचा अधिकार पशुवैद्यकाचा नाही, हे उघड आहे. परंतु लहान वस्तीतल्या मांजरांचा प्रश्न जिथे निकालात काढला जातो ती जागा दवाखान्याची नसते, सभेची असते. आणि सभेत जे घडते ते सारे शब्दांनी घडते. तालुक्याच्या गावातली प्राध्यापक वसाहत, पंचवीस-तीस बंगल्यांची गृहनिर्माण संस्था, वसतिगृहाच्या खानावळीला लागून असलेले महाविद्यालयाचे आवार, अशा कोणत्याही ठिकाणचे इतिवृत्त उघडून पाहावे. ‘परिसरातील भटक्या मांजरांचा उपद्रव वाढल्याने त्यांचा योग्य तो बंदोबस्त करण्याचे सर्वानुमते ठरले’ हे किंवा या धाटणीचे वाक्य तिथे सापडेल. आम्ही राहतो त्या वसाहतीच्या इतिवृत्तातही ते आहे. पुढच्या सभेत ‘मांजरे अन्यत्र सोडण्यात आली’ अशी पूर्ततेची नोंद होते. ‘सोडण्यात आली’ या कर्मणी रचनेत पोते कोणी धरले, रिक्षा कोणी ठरवली आणि पोत्याचे तोंड कोणी सोडले हे सगळे विरून जाते. कर्ता गाळण्याची ही सोय सरकारी भाषेने आपल्याला दिली आणि आपण ती घरगुती कामाला लावली.

प्रस्तुत लेखाचे म्हणणे थोडक्यात असे : मांजरे पकडून दूर सोडणे हा उपाय नाही, नुसते खाऊ घालणे हाही उपाय नाही, आणि या दोहोंना अनुक्रमे ‘व्यवस्था’ व ‘भूतदया’ अशी नावे देणे ही भाषेची फसवणूक आहे. तिसरा मार्ग उपलब्ध आहे, त्याचे फळ मोजले गेले आहे, आणि तो न स्वीकारण्यामागे अज्ञानापेक्षा आळस अधिक आहे.

१

मांजर मारू नये, ही आपल्याकडची जुनी समजूत. मांजराची हत्या झाली तर सोन्याचे मांजर करून काशीला दान द्यावे लागते, असे लहानपणी बहुतेकांनी ऐकलेले असते. या समजुतीकडे आपण कौतुकाने पाहतो. आपल्या संस्कृतीत मुक्या जिवांची कशी कदर होती, याचा तो दाखला म्हणून सांगतो. पण ज्या परंपरेतून ही समजूत आली तिचे मूळ वाचणाऱ्याला इतके निश्चिंत राहता येत नाही. मनुस्मृतीच्या अकराव्या अध्यायात मांजर, मुंगूस, बेडूक, कुत्रा, घुबड, कावळा यांना मारणाऱ्याने शूद्रहत्येचे प्रायश्चित्त घ्यावे असे सांगितले आहे. या विधानाने मांजराला वर उचललेले नाही. माणसाला खाली ढकलले आहे. १९२७ साली महाडला हा ग्रंथ का जाळला गेला, हे ज्यांना आपण वर्गात शिकवतो त्यांच्यासमोर ‘आपली थोर भूतदया’ हा शब्दप्रयोग जपूनच वापरला पाहिजे.

मुद्दा असा, की ही भूतदया जिवाविषयी नव्हतीच. ती पापाविषयी होती. तिचा सारा हिशेब मारणाऱ्याच्या खात्यावरचा. मांजराचे पुढे काय होते हा प्रश्न त्या हिशेबात कुठेच बसत नाही. म्हणूनच या परंपरेतून ‘मारू नका’ एवढेच उरले आणि ‘सांभाळा’ हे कधी आले नाही. मारणे पाप, सोडून येणे मात्र पाप नाही, ही पळवाट त्या हिशेबातच तयार झाली. पोते हे सोन्याच्या मांजराचे आजचे, स्वस्त रूप आहे. दोन्हींचा उद्देश एकच : आपल्या हाताला डाग लागू नये.

नदीपलीकडे सोडलेल्या मांजराचे काय होते? मांजर हा हद्द सांभाळणारा प्राणी. पाणी कुठे आहे, कुत्रे कोणत्या गल्लीत असतात, कोणत्या छपराखाली पाऊस लागत नाही, हे ज्ञान म्हणजेच त्याचे जगणे. ते एका रात्रीत काढून घेतले जाते. जिथे त्याला सोडतात तिथे बहुधा आधीची मांजरे असतात आणि ती नव्याला हुसकावतात. काही मांजरे परत यायला निघतात आणि रस्त्यावर चिरडली जातात. मागे राहिलेल्या दूध पिणाऱ्या पिलांचे काय झाले, हे वसाहतीला दोन-तीन दिवसांनी वासावरून कळते. याला ‘मारले नाही’ असे म्हणायचे असेल, तर मारणे या क्रियापदाचा अर्थ आपण हेतुपुरस्सर अरुंद केला आहे असेच म्हणावे लागेल.

आणि एवढे करूनही वसाहत मांजरमुक्त होत नाही. कचऱ्याचा उघडा डबा, खानावळीमागचे खरकटे, धान्याच्या कोठारातले उंदीर, जिन्याखालची कोरडी जागा, ज्या कारणांनी पहिली मांजरे तिथे होती ती कारणे जागच्या जागी असतात. मोकळी झालेली हद्द शेजारची मांजरे भरून काढतात आणि मागे राहिलेल्या दोन-चार मांजरी पिले घालत राहतात. वर्षभरात पुन्हा तीच सभा, तोच ठराव, तेच पोते.

२

ठरावातले बाकीचे शब्दही तपासून पाहावेत. ‘भटकी’ हा पहिला. वस्तुतः वसाहतीतले मांजर भटकत नाही. ते वर्षानुवर्षे त्याच दोन-चार अंगणांत राहते. बदली होऊन येणारे-जाणारे आम्ही प्राध्यापकच त्याच्यापेक्षा अधिक भटके. पण एखाद्याला भटके म्हटले की त्याला हुसकावणे सोपे जाते, कारण जो मुळात कुठलाच नाही त्याला इथून काढल्याने काही बिघडत नाही, असा त्या शब्दात गर्भित युक्तिवाद आहे.

‘बेवारस’ हा दुसरा शब्द. ज्याला वारस नाही ते बेवारस. पण मांजर आपोआप बेवारस होत नाही. माणसाच्या वस्तीजवळ राहणाऱ्या या प्राण्याची कुळी पश्चिम आशियातल्या रानमांजराची. शेतीच्या आरंभी धान्य साठू लागले, धान्यामागे उंदीर आले आणि उंदरांमागे मांजर आले. सायप्रस बेटावर माणसाशेजारी पुरलेले मांजर सापडले, ते सुमारे साडेनऊ हजार वर्षांपूर्वीचे आहे. बेटावर मूळची मांजरे नव्हती. म्हणजे ते कोणीतरी होडीतून सोबत नेले होते. इतक्या जुन्या सहवासानंतर ‘याचा आमच्याशी संबंध नाही’ असे म्हणणे म्हणजे वारसा नाकारणे होय. आजच्या वसाहतींचे तर साधेच आहे. तिथल्या प्रत्येक ‘बेवारस’ मांजराच्या दोन-चार पिढ्या मागे जावे. कोणाच्या तरी घरात मुलांच्या हौसेखातर आणलेले, वेळेत शस्त्रक्रिया न केलेले आणि बदलीच्या वेळी मागे ठेवलेले पाळीव मांजर सापडण्याची शक्यताच अधिक.

‘उपद्रव’ या शब्दाविषयी मात्र आम्ही वेगळे बोलू. तो खोटा नाही. रात्रभर चाललेली बोक्यांची भांडणे, वाफ्यात आणि वाळूत केलेली घाण, स्वयंपाकघरात शिरून सांडलेले दूध, गाडीच्या सीटवरचे ओरखडे हा त्रास खरा आहे. ज्यांना तो होतो त्यांना ‘निर्दय’ म्हणून गप्प करणे हा प्राणिमित्रांचा आवडता उद्योग असला, तरी तो अन्याय आहे. आम्हांला म्हणायचे आहे ते इतकेच, की या उपद्रवाचा मोठा भाग प्रजननाशी जोडलेला आहे. भांडणे, ओरडणे, जागोजाग मूत्राचे फवारे मारून हद्द आखणे, हे शस्त्रक्रियेनंतर पुष्कळच कमी होते. अर्थात तक्रार करणाऱ्याला जे हवे आहे ते देण्याची क्षमता पोत्यात नाही, दवाखान्यात आहे.

३

पोतेवाल्यांची बाजू तपासली, आता वाटीवाल्यांची. संध्याकाळी दूधपोळीची वाटी जिन्याखाली ठेवून जाणारी माणसे प्रत्येक वसाहतीत असतात. त्यांच्या मनातल्या ओलाव्याविषयी आम्हांला शंका नाही. पोळी पळवणाऱ्या कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन धावलेल्या नामदेवांची कथा हे त्यांचे आधारवचन. कथा सुंदरच आहे. पण ती एका भुकेल्या जिवाची आणि एका क्षणाची आहे. ती वस्तीच्या व्यवस्थापनाची पद्धत म्हणून कोणी सांगितलेली नाही. रोज खाऊ घालायचे आणि पुढचे सारे ‘निसर्गावर’ सोपवायचे, हा त्या कथेचा विस्तार नव्हे, संकोच आहे.

कारण निसर्ग काय करतो ते एकदा आकड्यांत पाहावे. मांजरीचा गाभणकाळ साधारण नऊ आठवड्यांचा. पाच-सहा महिन्यांची मांजरी गाभण राहू शकते, आणि पिले अंगावर पीत असतानाही पुन्हा माजावर येऊ शकते. आपल्याकडे दिवसाच्या लांबीत फारसा फरक पडत नसल्याने थंड प्रदेशांप्रमाणे हिवाळ्याची ठळक विश्रांतीही तिला नसते. एका वेताला तीन ते पाच पिले. यावरून काही पत्रके ‘एका जोडीपासून सात वर्षांत लाखो मांजरे’ असा हिशेब मांडतात. तो खोटा आहे. आणि तो खोटा का आहे हेच भयंकर आहे. अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायना राज्यात मोकळ्या मांजरांच्या पिलांवर नजर ठेवून २००४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात १६९ पिलांपैकी १२७ पिले सहा महिन्यांची होण्याआधीच मेली किंवा दिसेनाशी झाली. संख्या लाखांवर जात नाही ती यामुळे. वाटी ठेवणारा पिले जन्मण्याला हातभार लावतो आणि त्यांच्या मरणाकडे पाठ फिरवतो. एकजण मांजर सोडून येतो, दुसरा वाटी सोडून जातो. दोघांनाही पुढचे पाहायचे नसते.

महानुभाव वाङ्मयात, ‘लीळाचरित्रा’त, चक्रधरस्वामींच्या आसऱ्याला आलेल्या सशाची लीळा आहे. पारध्यांनी पाठलाग केलेला ससा स्वामींच्या जानूखाली येऊन दडतो. पारधी तो मागतात. स्वामी तो देत नाहीत. पण पारध्यांना हाकलूनही लावत नाहीत. त्यांच्याशी बोलतात, त्यांची समजूत घालतात, आणि धोका टळल्यावरच सशाला जाऊ देतात. आम्हांला ही लीळा वर्गात शिकवताना नेहमी जाणवते ते हे, की इथेही शेवटी सोडणेच आहे. परंतु हे सोडणे आसरा देऊन झाल्यानंतरचे, समोरच्या माणसांशी वाद निभावून झाल्यानंतरचे आणि सशाला पुढे जगता येईल याची खात्री करून झाल्यानंतरचे आहे. पोतेवाल्यांना यातला आसरा नको आहे. वाटीवाल्यांना यातला वाद नको आहे.

४

तिसरा मार्ग कोणता, हे आता सांगितले पाहिजे. मांजर पिंजऱ्यात पकडायचे, त्याची निर्बीजीकरणाची शस्त्रक्रिया करायची, रेबीजची लस द्यायची, ओळखीसाठी बेशुद्धावस्थेतच डाव्या कानाचे टोक किंचित कापायचे आणि ते जिथून उचलले तिथेच परत सोडायचे. जगभर ही पद्धत अवलंबली गेली आहे. तिच्याविषयी भाबडेपणाने बोलण्याची गरज नाही, कारण तिचे यश आणि अपयश दोन्ही नोंदलेले आहे.

शिक्षकांना जवळचे वाटेल असे उदाहरण सेंट्रल फ्लोरिडा विद्यापीठाच्या आवाराचे. तिथे १९९१ पासून अकरा वर्षे हे काम चालले आणि २००३ साली त्याचा अभ्यास प्रसिद्ध झाला. एकंदर १५५ मांजरांची नोंद झाली. १९९६ मध्ये आवारात ६८ मांजरे होती. २००२ अखेर २३ उरली. १९९५ नंतर आवारात नवी पिले आढळली नाहीत. जवळजवळ निम्म्या, म्हणजे ४७ टक्के मांजरांना घरे मिळाली, हे या यशातले महत्त्वाचे अंग. मॅसॅच्युसेट्समधल्या न्यूबरीपोर्ट या लहान बंदरगावी १९९२ मध्ये धक्क्यावर सुमारे तीनशे मांजरे होती. तिथल्या नागरिकांनी काम नेटाने चालवले आणि त्यांपैकी शेवटचे मांजर २००९ मध्ये म्हातारे होऊन गेले. दोन्ही ठिकाणी जादू झाली नाही, वर्षे लागली.

उलट उदाहरण रोमचे. इटलीने १९९१ साली कायदा करून मोकळ्या मांजरांना मारण्यास बंदी केली आणि त्यांच्या नसबंदीची जबाबदारी सार्वजनिक यंत्रणेवर टाकली. दहा वर्षांत रोममध्ये सुमारे आठ हजार मांजरांवर शस्त्रक्रिया झाल्या. संख्या घटली; पण हवी तितकी नाही. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असे दिसले, की लोकांनी टाकलेली व आपणहून आलेली मिळून नव्या मांजरांचे प्रमाण सुमारे २१ टक्के होते. म्हणजे एका दाराने शस्त्रक्रिया चालू आणि दुसऱ्या दाराने ‘सोडून येणे’ चालू. अभ्यासकांचा निष्कर्ष स्पष्ट होता : टाकून देणे थांबवल्याखेरीज नुसत्या शस्त्रक्रियांवर खर्च होणारा पैसा आणि श्रम वाया जातात. आमच्या मते कोणत्याही वसाहतीने ठराव करण्यापूर्वी वाचावे असे हेच वाक्य आहे. आपण नदीपलीकडे सोडलेले मांजर पलीकडच्या वस्तीचे ‘नवे आलेले मांजर’ असते. आणि पलीकडच्यांचे पोते आपल्या दारात रिकामे होत असते.

लहान वस्तीला या कामात एक मोठी सोय आहे : तिथली मांजरे मोजता येतात. पंधरा-वीस मांजरांची, रंग, खुणा आणि छायाचित्रासह, एक वही करावी. खाणे ठरलेल्या जागी, ठरलेल्या वेळी घालावे आणि अर्ध्या तासाने भांडी उचलावीत. मांजरे वेळेला जमू लागली की पिंजऱ्यात पकडणे सोपे जाते. शस्त्रक्रिया कोण करणार हे आधी ठरवावे. तालुक्याचा सरकारी पशुवैद्यकीय दवाखाना मुख्यतः गुराढोरांसाठी असतो, त्यामुळे मांजराच्या शस्त्रक्रियेचा अनुभव असलेल्या डॉक्टरकडे, प्रसंगी जिल्ह्याच्या ठिकाणी, जावे लागते. मांजर किती तास उपाशी ठेवायचे ते डॉक्टरांना विचारूनच ठेवावे. शस्त्रक्रियेनंतर बोक्याला एखादा दिवस आणि मांजरीला दोन-तीन दिवस बंद, कोरड्या जागेत ठेवावे. दोन-अडीच महिन्यांपर्यंतची पिले माणसाळतात. त्यांच्यासाठी घरे शोधावीत. त्यापुढे रानटीपणे वाढलेल्या मांजराला बळेच घरात कोंडू नये.

आणि हे काम अर्धवट करू नये. वीसपैकी पाच मांजरांवर शस्त्रक्रिया करून समाधान मानले, तर उरलेली पंधरा ती भर सहज काढतात. तीन-चतुर्थांशाच्या आसपास मांजरे हाताखालून गेल्याशिवाय फरक दिसत नाही. आणि एकदा दिसू लागला की नव्याने आलेले मांजर ओळखून लगेच न्यावे लागते. कापलेला कान उपयोगी पडतो तो इथे.

५

आता आक्षेप. पहिला : ‘नसबंदी ही हिंसाच आहे.’ आणीबाणीची आठवण असलेल्या पिढीला हा शब्द बोचावा हे स्वाभाविक आहे. पण माणसाच्या बाबतीत तो अत्याचार ठरला तो संमती घेतली नाही म्हणून. मांजराची संमती पोत्यात घालतानाही कोणी घेत नाही, आणि पावसात भिजून मरणाऱ्या पिलांचीही घेत नाही. प्रश्न हस्तक्षेप करावा की नाही हा नाहीच. धान्याचे कोठार बांधले त्या दिवशीच हस्तक्षेप झाला. प्रश्न हस्तक्षेपाचे परिणाम पत्करण्याचा आहे.

दुसरा आक्षेप पक्षिप्रेमींचा, आणि तो सर्वांत वजनदार आहे. मांजर हा कुशल शिकारी आहे. अमेरिकेत मोकळी फिरणारी मांजरे दरवर्षी १३० ते ४०० कोटी पक्षी मारतात, असा अंदाज २०१३ साली प्रसिद्ध झाला. न्यूझीलंडच्या स्टीफन्स बेटावर १८९४ च्या सुमारास दीपगृहाबरोबर मांजर पोचले आणि तिथला न उडणारा एक चिमुकला पक्षी नामशेष झाला. पोट भरलेले मांजरही शिकार करते, तेव्हा ‘आम्ही खाऊ घालतो, मग ते पक्षी मारत नाही’ हा बचाव टिकत नाही. जिथे जमिनीवर घरटी करणाऱ्या दुर्मीळ पक्ष्यांचा अधिवास आहे, अभयारण्य किंवा पाणथळ आहे, तिथे मांजरांना परत सोडण्याचा आग्रह आम्ही धरणार नाही; तिथून ती हलवून बंदिस्त जागेत सांभाळावी लागतील. परंतु हा आक्षेप पोत्याच्या बाजूने लागू होत नाही, हेही लक्षात घ्यावे. नदीपलीकडच्या झाडीत मांजर सोडणारा माणूस पक्ष्यांचा शत्रू दुप्पट आहे : त्याने शिकारी प्राणी रानात नेला, आणि तोही पिले घालण्याची क्षमता शाबूत ठेवून.

तिसरा आक्षेप आरोग्याचा. मांजरालाही रेबीज होऊ शकतो. म्हणून चावा किंवा ओरखडा लागल्यास जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुऊन लगेच दवाखाना गाठावा, हे वसाहतीच्या फलकावर लावण्यासारखे आहे. मांजराच्या विष्ठेतून होऊ शकणाऱ्या टॉक्सोप्लाझ्मा या संसर्गाची गर्भवतीने काळजी घ्यावी, हेही खरे. पण विष्ठेतला हा जंतू संसर्गक्षम व्हायला एक ते पाच दिवस लागतात. वाळूची जागा ठरवून ती रोज साफ केली, मुलांच्या खेळण्याची वाळू झाकून ठेवली आणि वाफ्यात काम करून हात धुतले, तर हा धोका पुष्कळ आटोक्यात राहतो. लस टोचलेली, मोजलेली, ओळखीची वीस मांजरे आरोग्याला अधिक सुरक्षित, की दर वर्षी नव्याने येणारी, लस न घेतलेली अनोळखी वीस? उत्तर देण्यासाठी विज्ञानशाखेत जावे लागत नाही.

जाता जाता एका युक्तिवादाविषयी. १८९६ नंतर मुंबई-पुण्यात प्लेग आला, आणि पुढच्या दशकात इंडियन मेडिकल सर्व्हिसमधल्या ब्यूकॅनन नावाच्या डॉक्टरने प्लेगला आळा घालण्यासाठी मांजरे पाळावीत असा पुरस्कार केला. मांजरांच्या बाजूने बोलणारे हा ‘उपयोग’ आजही पुढे करतात. आम्ही तो करणार नाही. मांजरालाही प्लेग होतो हे आज आपल्याला माहीत आहे. आणि ज्याचे जगणे उपयोगावर टांगले त्याची दोरी उपयोग संपताच कापली जाते. उंदीर मारले नाहीत म्हणून मांजर टाकावे, असा त्याचा दुसरा अर्धा भाग आपोआप येतो.

चौथा आक्षेप खर्चाचा. वसाहतीच्या गणेशोत्सवाच्या वर्गणीचा हिशेब आम्ही इथे मांडणार नाही. वीस मांजरांचे काम एकदा नेटाने केले की पुढे वर्षाला दोन-तीनच उरतात. पोत्याचा आणि रिक्षाचा खर्च मात्र कायमचा.

६

कायदा या बाबतीत सभेपेक्षा पुढे आहे. १९६० च्या प्राण्यांवरील क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या अकराव्या कलमात, उपासमार किंवा तहान यांनी हाल होतील अशा परिस्थितीत प्राण्याला वाजवी कारणाशिवाय टाकून देणे हा गुन्हा ठरवला आहे. पहिल्या गुन्ह्याला त्याने ठेवलेला दंड दहा ते पन्नास रुपये. तो हास्यास्पद आहे, पण गुन्हा तो गुन्हाच. याहून बोलका बदल दंडविधानातला. १८६० च्या भारतीय दंडसंहितेत प्राणी मारण्याच्या वा निकामी करण्याच्या गुन्ह्यासाठी त्याची किंमत किमान दहा रुपये असावी लागे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या ३२५ व्या कलमात किंमतीची ती अट उरलेली नाही; शिक्षा पाच वर्षांपर्यंत आहे. प्राण्याचे मोल रुपयांत मोजणारा शब्द कायद्यातून गळला. आपल्या इतिवृत्तातून तो कधी गळणार?

आम्ही हा प्रश्न विशेषेकरून साहित्याच्या अध्यापकांना विचारतो, कारण आता आपल्या अभ्यासमंडळांत पर्यावरणवादी समीक्षेची चर्चा होते. ‘मानवकेंद्री दृष्टी’ हा शब्द आपण शोधनिबंधांतून सढळ हाताने वापरतो. व्यंकटेश माडगूळकरांच्या ‘सत्तांतर’मधल्या वानरांच्या हद्दीविषयी, त्या हद्दीसाठी होणाऱ्या झुंजींविषयी आपण विद्यार्थ्यांना उत्तरे लिहायला लावतो. आणि त्याच संध्याकाळी वसाहतीच्या सभेत, जिन्याखालच्या मांजराला हद्द असते हे विसरून, ‘सर्वानुमते’ या शब्दाखाली आपली सही असते. वाचलेले जगण्याला लागू करावे, असा आग्रह आम्ही एरवी धरत नाही. साहित्याचा तो व्यवहारी उपयोग आम्हांला मान्यही नाही. परंतु शब्दांचा लबाड वापर ओळखणे हे तर आपले वेतनाचे काम आहे. ते काम सभेच्या दाराशी चपलांबरोबर काढून ठेवता येणार नाही.

‘बंदोबस्त’ हा फारसीतून आलेला शब्द मुळात बांधाबांध, व्यवस्था या अर्थाचा. जमीनमहसुलाचा बंदोबस्त होई तेव्हा जमीन नाहीशी केली जात नसे. तिची मोजणी होई, नोंद होई, कोणाकडे काय जबाबदारी हे लिहून ठरे. मांजरांचा बंदोबस्त करायचाच असेल तर तो याच अर्थाने करावा : मोजणी, नोंद, जबाबदारी. कोणत्या घराने खाणे घालायचे, कोणी पिंजरा लावायचा, कोणी दवाखान्यात न्यायचे, बदली झालेल्या कुटुंबाने आपल्या मांजराचे काय करायचे, हे नावानिशी लिहावे. ‘करण्यात येईल’ असे लिहू नये. ‘अमुक करतील’ असे लिहावे.

तिसऱ्या मार्गाचे शेवटचे क्रियापदही सोडणे हेच आहे, हे आम्ही विसरलेलो नाही. फरक त्याच्या आधी येणाऱ्या ‘परत’ या अव्ययाचा आहे. परत सोडायचे म्हणजे मांजर पुन्हा आपल्याच दारात येणार, आपल्याच वाफ्यातून चालणार, आजारी पडले तर आपल्यालाच दिसणार. गैरसोय त्यातच आहे, आणि जबाबदारीही. पुढल्या सभेचे इतिवृत्त लिहिणाऱ्याने तेवढा एक शब्द वाढवावा आणि त्याखाली कर्त्याचे नाव घालावे, इतकीच आमची मागणी आहे.